टांगलेलं माप

आमच्या घरात भांडण जर्मनमध्ये व्हायचं आणि लाड मराठीत. असं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच तसं झालं होतं. आई मला ओरडली की मी जर्मनमध्ये फाडफाड उत्तर द्यायचे, आणि गुळपोळीवर तूप जास्त हवं असलं की लगेच "आई गं" सुरू. बाबा म्हणायचे, "बघा, बाईसाहेबांना मराठी फक्त ताटावर आठवते." आता आई नाही, बाबाही नाहीत, आणि म्हातारपणी मी हे लिहायला बसले तर हट्टाने मराठीतच बसले. चुका होतील. होऊ देत.

बाबा जर्मनीत रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घर मात्र आम्ही तिथून पाऊण तासावर, जिथे जंगल आणि डोंगर सुरू होतात तिथल्या एका लहानशा गावात घेतलं होतं, कारण आईला खिडकीतून झाडं दिसायला हवी होती. झाडं दिसायची, त्याचबरोबर खालच्या मजल्यावरच्या बाईंचे कानही दिसायचे म्हणा ना! दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, रविवारी तर मुळीच नाही. म्हणून आई शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायची तेव्हा खाली टॉवेलाची चौपदरी घडी घालायची. तो धप्प धप्प असा दबलेला आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. कुकरची शिट्टी झाली की आई उगाचच खिडकी बंद करायला धावायची, शिट्टी झाल्यावर! बाबा संध्याकाळी येऊन बूट दाराबाहेर काढायचे, जेवणाच्या टेबलावर पेन्सिल आणि चौकटींची वही ठेवायचे. आमटी उकळेपर्यंत ते काहीतरी आकृती काढत बसलेले असत. त्यांच्या पेन्सिलीला कायम टोक असायचं. बोथट पेन्सिलीचा माणूस बाबांना मनापासून आवडत नसे.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने दहावीनंतर गिम्नाझिउम, म्हणजे पुढे विद्यापीठात नेणारी शाळा, सोडली आणि हातात पाना घेतला. आउसबिल्डुंग म्हणजे शिकाऊ म्हणून काम करता करता शिकायचं. माझी होती ट्रॅक्टर, जेसीबी, करवती, बर्फावरची यंत्रं यांच्या दुरुस्तीची. मी हे घरी सांगितलं त्या दिवशी आईने पोळी तव्यावर करपवली. बाबा टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत बसले. मग दोन दिवसांनी म्हणाले, "चारू, मी इंजिनिअर झालो ते तू ग्रीस पुसावंस म्हणून नाही." मी जर्मनमध्ये म्हटलं की तुमच्या कारखान्यातही कुणीतरी ग्रीस पुसतच असेल. त्यावर ते खरंच दुखावले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज नाही वाटत.

शेवटी तह झाला. शिकाऊ मुलीला पहिले चार महिने प्रोबेत्साइट असते, म्हणजे दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पारखून घ्यायचं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझी जागा तोवर राखून ठेवायचं कबूल केलं. मी सतरा वर्षांची, त्यामुळे बाबांच्या सहीशिवाय माझं पान हलत नव्हतं. चार महिने संपतील त्या शुक्रवारी बाबा स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन दिवसभर बघणार, आणि सोमवारी मी वर्कशॉपला जायचं की शाळेत, हे तेच ठरवणार. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सप्टेंबरच्या मध्यावर मी कामाला लागले, आणि ते काम मला नुसतं आवडत नाही, त्याच्याशिवाय माझं काही खरं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं.

वर्कशॉपचे माइस्टर, म्हणजे प्रमुख उस्ताद, होते हेर वीझिंगर; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. बुटका, रुंद माणूस; भुवया इतक्या दाट की लोखंडाचा कीस त्यात अडकून बसायचा. सकाळी नऊला ब्रोटत्साइट, म्हणजे न्याहारीची सुट्टी. बाकीचे पावात मांसाची जाड चकती घालून खायचे आणि मी पोळीची गुंडाळी, आत तीच टॉवेलावर कुटलेली चटणी. महिन्याभरात हेर वीझिंगर रोज माझ्या डब्याकडे असे काही बघायला लागले की मी आईला दोन पोळ्या जास्त करायला सांगितल्या. तोंडाने कौतुक करायची त्यांची रीत नव्हती. काम ठीक असलं की ते "पास्ट" म्हणायचे, ठीक नसलं की काहीच म्हणायचे नाहीत आणि तिथेच उभे राहायचे. त्यांचा एक नियम होता: ज्याच्या हातात कामाची चिठ्ठी, त्याचंच काम, दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही, विचारल्याशिवाय सल्लाही द्यायचा नाही.

त्या आठवड्यात वरच्या डोंगरावरच्या ह्युटेची, म्हणजे डोंगरातल्या खानावळीची, मालकीण फ्राउ आशेनब्रेनर तिचं स्नोमोबाइल घेऊन आली. आताची यंत्रं विजेवर चालतात, पोरांना हे सांगावं लागतं, पण तेव्हा हे धूड पेट्रोलवर चालायचं आणि धूर ओकायचं. पुढे दोन स्की, मागे हातभर रुंद रबरी पट्टा, आणि तो पट्टा ज्याच्या आत फिरतो ते उलट्या पन्हळीसारखं अॅल्युमिनियमचं छत. त्या छताला म्हणतात टनेल. टनेलच्या वर पेट्रोलची टाकी आणि सीट, आणि आतून त्याला चिकटलेला इंजिनाचा कूलर. ह्युटेकडे जाणारा जंगलातला रस्ता उभा आणि काचेसारखा गोठलेला, म्हणून फ्राउ आशेनब्रेनरने पट्ट्यावर स्पाइक्स बसवून घेतले होते, शंभरावर टोकदार खिळे. बर्फावर पकड उत्तम. पण यंत्र दणका खाऊन खाली बसलं की तेच खिळे वरच्या टनेलला ओरबाडणार, कूलर फाडणार, आणि मग भर थंडीत इंजिन उकळून बाई जंगलात अडकणार. त्यावर उपाय म्हणून टनेलच्या आत दोन लांब पट्ट्या रिव्हेटने ठोकतात, खिळ्यांच्या ओळींच्या मधोमध येतील अशा. पट्टा वर आला तर त्याचं रबर या पट्ट्यांवर घासतं आणि खिळे धातूपर्यंत पोचत नाहीत. त्यांना टनेल प्रोटेक्टर म्हणतात. दिसायला अगदीच साधं काम. हेर वीझिंगरनी गुरुवारी चिठ्ठी माझ्या हातात दिली. शनिवारी बाईला माणसं आणि सामान वर न्यायचं होतं.

"मोजमाप नीट घे," ते म्हणाले. "मुलांची खेळायची माती असते ना, ती लावून बघ. खिळा कुठवर येतो ते मातीत दिसतं."

माती वर्कशॉपमध्ये नव्हती आणि आमच्याकडे लहान मूलही नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी आईला म्हटलं, "मला कणकेचा एक मोठा गोळा दे. जरा घट्ट भिजव आणि तेलाचा हात लाव."

"काय गं? वर्कशॉपमध्ये पोळ्या लाटणार आहेस?"

"आई, दे ना गं."

"अहो, ऐकलंत का? तुमची लेक कणीक घेऊन चाललीय गाडी दुरुस्त करायला!" आई आतूनच ओरडली. बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते. ते हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसासाठी सुट्टी टाकली होती आणि खिशात वही, पेन्सिल, पट्टी सगळं घेतलं होतं. ते बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हेर वीझिंगरनी बाबांना निळा अंगरखा दिला, हात मिळवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे यंत्र तिचं. ती सांगेल तसं." बाबा म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. दहा मिनिटं ते खरंच गप्प उभे राहिले. मी सीट काढली, पेट्रोलची टाकी उतरवून ठेवली, कारण टनेलला भोक पाडताना वर टाकी असली तर खेळ खलास. यंत्र साखळ्यांवर उचलून टांगलं, बोल्ट काढून पट्ट्यासकट मागची सगळी चाकं-स्प्रिंगांची चौकट बाहेर ओढली. आता टनेल मोकळा. आणि बाबांच्याने राहवेना. ते गुडघ्यांवर बसून आत डोकावले, पट्टी लावली, वही उघडली.

मी खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. चार महिन्यांत पहिल्यांदा बाबांच्या डोळ्यांत माझ्या कामाबद्दल काहीतरी चमकलं होतं. मी ती चौकट दोन बोल्टांवर पुन्हा आत अडकवली, ते मोजत गेले, खिळ्याच्या टोकापासून छतापर्यंत जागोजाग. अर्ध्या तासात अशी देखणी आकृती तयार झाली की भिंतीवर लावावी. त्यांच्या मते प्रोटेक्टर पुढे कूलरपाशी न्यायची गरजच नव्हती. तिथे भरपूर जागा आहे. तिथून एक वीत मागे सुरू केलं की प्रत्येक बाजूची तीन भोकं वाचतात आणि कूलरच्या जवळ ड्रिल न्यायचा धोकाही टळतो. "भोक म्हणजे कमजोरी, चारू. आमच्याकडे एकेका भोकासाठी मीटिंग होते." पट्टी खिशात ठेवत ते म्हणाले, "घे ड्रिल. जेवायच्या आत संपतंय."

मी ड्रिल उचललं. आकृतीत चूक काय आहे ते मला सांगता येत नव्हतं, पण हात पुढे जाईना. मी म्हटलं, "बाबा, आधी मी नुसतं चिकटवून, सगळं परत बसवून बघते. कणीक लावून."

"अगं, दोनदा काम कशाला? मोजलंय ना मी!"

हेर वीझिंगर पलीकडे एका करवतीची साखळी घासत होते. त्यांना मराठी शब्द कळत नव्हते पण आवाज कळत होता. त्यांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "चारू, चिठ्ठी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"आल्झो," म्हणजे झालं तर मग, असं म्हणून ते पुन्हा घासायला लागले.

मग मी काय केलं? बाबांच्या आकृतीप्रमाणेच, मिलिमीटर इकडेतिकडे नाही, पट्ट्या चिकटपट्टीने लावल्या. पुढे कूलरवर आणि मोकळ्या टनेलवर कणीक थापली, बोटाच्या जाडीची. चौकट आत ढकलली, बोल्ट आवळले, टाकी आणि सीट बसवली, यंत्र जमिनीवर उतरवलं. तासभर गेला. बाबा हाताची घडी घालून उभे, घड्याळाकडे बघत. आणि तेवढ्यात आई आली. संक्रांत होती म्हणून सगळ्यांसाठी गुळपोळ्या आणल्या होत्या तिने, डबा शालीत गुंडाळून.

"आई, डबा ठेव आणि यावर बस."

"कशावर? या रेड्यावर? शहाणीच आहेस!"

"बाबा, तुम्ही पुढे बसा. आई मागे. प्लीज."

आई म्हणाली, "माझं वजन कुणी काढायचं नाही, आधीच सांगते," आणि बाबांच्या खांद्याला धरून चढली. मागच्या कॅरिअरवर मी ट्रॅक्टरची चार लोखंडी वजनं ठेवली, बाईचं सामान म्हणून. मग दोघांना सांगितलं, उठा आणि धप्पकन बसा. पुन्हा उठा, पुन्हा बसा. पुण्याहून आलेले दोन सभ्य मध्यमवर्गीय लोक बव्हेरियातल्या एका गॅरेजमध्ये स्नोमोबाइलवर उठाबशा काढत होते. हेर वीझिंगरच्या भुवया पहिल्यांदाच वर गेलेल्या पाहिल्या मी. हे आठवून मला आजही एकटीला हसू फुटतं.

मग पुन्हा यंत्र टांगलं, सगळं पुन्हा उघडलं, आणि मी बॅटरी घेऊन खाली झोपले. मागच्या बाजूची कणीक नुसती चपटी झाली होती. पुढे कूलरवर मात्र ओळीने भोकं होती, आरपार, आणि भोकांच्या तळाशी धातूवर बारीक चकाकणारे ओरखडे. नुसतं बसून ही गत, तर दगडधोंड्यांवरून खाली येताना काय झालं असतं?

तेव्हा मला उमगलं. बाबांनी मोजलं ते यंत्र टांगलेलं असताना. त्यांच्या कारखान्यात गाड्या साखळ्यांवर टांगलेल्याच पुढे सरकतात, वीस वर्षं त्यांनी टांगलेल्या गाड्या मोजल्या आणि एकदाही चुकले नाहीत. पण हे यंत्र माणसं घेऊन खाली बसतं, आणि बसलं की पट्टा वर चढतो, सगळ्यात जास्त पुढेच.

मी तशीच पाठीवर पडून राहिले. बाहेर येऊन हे कसं सांगायचं? माझी सगळी भांडणं जर्मनमध्ये. जर्मनमध्ये बोलले असते तर हेर वीझिंगरना कळलं असतं, पलीकडच्या दोन मेकॅनिकना कळलं असतं, आणि माझ्या बाबांची त्या निळ्या अंगरख्यात सगळ्यांसमोर शोभा झाली असती. आणि सही बाबांचीच होती, हेही डोक्यात होतंच, नाही कशाला म्हणू! मी बाहेर आले आणि हळू आवाजात मराठीत म्हटलं, "बाबा, जरा खाली वाकून बघता? पुढे लागतंय."

ते वाकले. बराच वेळ आत बघत राहिले. कणकेच्या एका भोकात त्यांनी पेन्सिलीचं टोक घातलं, ते थेट धातूला टेकलं.

आई म्हणाली, "अहो, काय झालं?"

 बाबांनी वही मिटून खिशात घातली. मला वाटलं, संपलं. सोमवारी शाळा.

मी पुढचं काम केलं, कारण चिठ्ठी माझी होती आणि थांबले असते तर रडले असते. पट्ट्या पुढे नेल्या, कूलरपासून दोन बोटांवर, पुन्हा कणीक, पुन्हा आईबाबांची उठबस. आई आता कुरकुरत नव्हती, आणखी जोराने बसत होती. यंत्र टांगून टाकी, सीट, पट्टा सगळं पुन्हा काढलं, तर या वेळी कणकेवर नुसता रबराचा ठसा होता, एकही भोक नाही. मग कणीक पुसून काढली आणि मी ड्रिल हातात घेतलं. हात इकडचा तिकडे झाला तर कूलर फुटणार, नवा यायला दोन आठवडे, आणि बाईची शनिवारची फेरी गेली. ड्रिलच्या टोकाला मी चिकटपट्टी गुंडाळली, याच्यापुढे आत जायचं नाही म्हणून. तेवढ्यात शेजारी कुणीतरी गुडघे टेकले. बाबा. त्यांनी एका हाताने दिवा धरला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर वायसर, म्हणजे रिव्हेटला लावायच्या चकत्या, मांडून ठेवले. "तू सांग तेव्हा देतो," ते म्हणाले.

अठ्ठावीस भोकं पाडली मी. एकही चुकलं नाही. मी लिहून ठेवतेय हे, मिरवायला लाज कसली? त्यानंतर आयुष्यात हजारो भोकं पाडली असतील, पण त्या अठ्ठावीसांसारखी ती नव्हेत. प्रत्येक रिव्हेटच्या वेळी "वायसर" म्हटलं की माझ्या बोटात वायसर यायचा, ना लवकर ना उशिरा. हेर वीझिंगर येऊन खाली झोपले, दिवा फिरवला, बोट फिरवलं आणि उठून म्हणाले, "पास्ट." मग शांतपणे डब्याकडे वळून तिसरी गुळपोळी उचलली.

चारच्या सुमाराला फ्राउ आशेनब्रेनर यंत्र न्यायला आली. भोवती फिरून बघितलं, वाकून बघितलं, आणि सरळ बाबांचा हात धरून हलवायला लागली. चूक तिची नव्हती. पांढरे होत चाललेले केस, अंगरख्यावर ग्रीस, खिशात पेन्सिल. दुसऱ्या कुणी केलं असणार? "फार सुंदर काम केलंत," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मला बोलावंसंही वाटलं नाही. दिवसभरात बाबांना तेवढं एक मिळालं तर मिळू दे, असं मनात आलं.

बाबांनी आपला हात सोडवून घेतला. ते जर्मन नेहमी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलायचे. त्या दिवशीही तसंच बोलले, पण मोठ्याने, पलीकडच्या दोघांनाही ऐकू जाईल असं.

"नाही. माप मी काढलं होतं आणि ते चुकलं होतं. माझ्या मापाने तुमचा कूलर फुटला असता. हिने ते पकडलं, हिनेच भोकं पाडली. ही माझी मुलगी. मी वायसर द्यायला होतो."

 आईने पदर नसताना डोळे पुसायला पदर शोधला आणि शेवटी शालीने पुसले. मी मान खाली घालून चिंधीने हात पुसत राहिले. केव्हाचे स्वच्छ होते ते, तरी पुसत राहिले. इतका अभिमान मला माझा नंतर कधी वाटला नाही, आणि बाबांचा तर त्याहून जास्त वाटला.

मग बाबा हेर वीझिंगरकडे वळले. "सोमवारी सात वाजता येईल ही."

"काम सातला सुरू होतं," हेर वीझिंगर म्हणाले. "यायचं पावणेसातला."

"पावणेसात," बाबांनी जर्मनमध्ये कबूल केलं, आणि मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "ऐकलंस ना गं?"